शिक्षेचे माप : सराईत घरफोडीच्या एका खटल्याच्या निमित्ताने



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांच्या वर्गात मी चार वर्षे बसलो. उशिरा येणाऱ्या मुलाला ते आधी "का रे?" असे विचारीत आणि उत्तर ऐकूनच छडी उचलीत, पुष्कळदा उचलीतही नसत. पुढे मध्य प्रदेशातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी मुख्य न्यायदंडाधिकारी असताना हा प्रश्न मी एकदा नीट विचारला नाही. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

आरोपी चाळिशीच्या आतबाहेरचा. एकाच वसाहतीतील दोन घरे त्याने रात्री फोडली होती. त्यांतले एक घर एका वृद्ध विधवा बाईंचे. मागल्या खिडकीचे गज वाकवून तो आत शिरला, तेव्हा त्या शेजारच्याच खोलीत निजल्या होत्या. दागिने सोनाराने वितळवून टाकले होते. साक्षीच्या वेळी त्या दागिन्यांविषयी फारसे बोलल्या नाहीत. "तेव्हापासून रात्री दिवा मालवता येत नाही," एवढेच म्हणाल्या.

साध्या चोरीला भारतीय दंड संहितेच्या कलम 379 खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होती. राहत्या घरातील चोरीला कलम 380 खाली सात, आणि चोरीसाठी रात्री केलेल्या घरफोडीला कलम 457 खाली चौदा वर्षांपर्यंत. ही चढती पायरी मालाच्या किमतीवरून ठरलेली नाही. घर हे माणसाचे शेवटचे आश्रयस्थान होय, ही जाणीव तिच्यामागे आहे. बाईंच्या त्या एका वाक्याने तिचा अर्थ मला उमगला.

आरोपीच्या पूर्वीच्या शिक्षा दोष सिद्ध होईपर्यंत न्यायाधीशासमोर येऊ नयेत, अशी कायद्याची व्यवस्था आहे. काल चोरी केली म्हणून आजही त्यानेच केली असेल, असे मानता येत नाही. मी दोषी ठरविल्यानंतरच कागद पुढे आले : याच प्रकारच्या तीन दोषसिद्धी. सरकारी वकिलांनी कठोर शिक्षा मागितली. कलम 75 अन्वये अशा पुनरावृत्तीला जन्मठेपेपर्यंत किंवा दहा वर्षांपर्यंत शिक्षा देता येत असे; माझ्या स्वतःच्या अधिकाराची मर्यादा मात्र एका गुन्ह्यास सात वर्षे होती.

येथे खरा पेच सुरू होतो. मागील गुन्ह्यांची शिक्षा तो भोगून आला होता. तीच पुन्हा दिली तर अन्याय. आणि तिकडे दुर्लक्ष केले तर त्या बाईंवर अन्याय. शिवाय तो ज्या समाजात जन्मला, त्या समाजावर 1871 च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. तो कायदा 1952 साली रद्द झाला, पण पोलिसांच्या नजरेतून शिक्का पुसला गेला नव्हता. माझ्या मते पूर्वेतिहासाने दयेची जागा आक्रसते, परंतु समोरच्या कृत्याला साजेशा शिक्षेची कमाल सीमा ओलांडता येत नाही.

शिक्षेच्या प्रश्नावर त्याला विचारले. तो एवढेच म्हणाला, "हुजूर, छूटकर जाऊँ कहाँ?" मी ते लिहून घेतले आणि त्याच दुपारी निकाल दिला. प्रत्येक घराबद्दल तीन वर्षे सक्तमजुरी. दोन्ही शिक्षा एकामागून एक. एकूण सहा वर्षे, खटल्याआधीची कोठडी वजा जाता.

ही सहा वर्षे मला आजही अवाजवी वाटत नाहीत. दोन घरे स्वतंत्र होती, दोन्हीकडची भीती स्वतंत्र होती. शिक्षा एकत्र भोगू दिल्या असत्या तर दुसरे घर जणू फुकट फोडले गेले असते. माझी चूक निराळी होती. शिक्षेविषयीची सुनावणी हा उपचार नव्हे, आरोपीची सर्व परिस्थिती न्यायालयापुढे आली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1976 साली संतासिंग खटल्यात बजावले होते. मी ते वाचले होते, वकिलांना सुनावलेही होते. तरीही त्या दिवशी मी तारीख पुढे ढकलली नाही. तुरुंगातील वर्तनाचा अहवाल मागविला नाही, घरी कोण आहे, हाताला कोणते काम येते, हे विचारले नाही. तो प्रश्न विचारीत होता आणि मी ते उत्तर समजून नोंदवून घेतले.

काही वर्षांनी तोच माणूस दुसऱ्या न्यायालयात पाचव्यांदा उभा राहिल्याचे कळले. मी चौकशी केली असती तर तो सुधारलाच असता, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु सहा वर्षांनी दाराबाहेर पडणाऱ्या माणसासाठी दुसरे एखादे दार शोधण्याचा प्रयत्नही झाला नाही. आणि त्यामुळे आणखी कोणाच्या तरी घरात रात्री दिवा जळत राहिला.

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. कलमांचे आकडे बदलले. किरकोळ चोरीत पहिल्यांदाच सापडलेल्याने माल परत केल्यास समाजसेवेची शिक्षा आली. चौथ्यांदा आलेल्या घरफोड्यासाठी मात्र तुरुंगच आहे, आणि तो असावा. पण शिक्षेपूर्वी त्याचे ऐकण्याचे कर्तव्यही कायम आहे.

आपल्यातील काही जण उद्या न्यायासनावर बसतील, काही शाळेत, काही घरी. छडी सर्वांच्याच हाती येते. ती उचलण्यापूर्वी गुरुजींचा प्रश्न विचारावा, आणि उत्तरासाठी थोडे थांबावे. मी थांबलो नाही, हे या वास्तूत कबूल करता आले, याबद्दल शाळेचा ऋणी आहे.