गाणार कुठे?



संगीतात पदवी घ्यायची म्हटलं की घरात, शेजारात, लग्नकार्यात शंभर प्रश्न विचारले जातात. ते सगळे झेलून तुम्ही आज पदवीपर्यंत आलात. त्यातला सर्वांत अवघड प्रश्न मात्र आजपासून सुरू होतो: आता गाणार कुठे? वाजवणार कुठे? मी आज या एकाच प्रश्नावर बोलणार आहे. राग, ताल, घराणी यांवर बोलण्याचा अधिकार तुमच्या गुरूंचा. मी आयुष्यभर कृष्णा-पंचगंगेच्या या पट्ट्यात बैठका आणि कार्यक्रम भरवत आलो. कलाकार कुठे अडतो आणि कुठे त्याला वाट मिळते, हे मी जवळून पाहिलं आहे.

या प्रश्नाचं एक ठरलेलं उत्तर तुम्हाला मिळेल: पुण्याला जा, मुंबईला जा. ज्यांना जायचं आहे त्यांनी जरूर जावं, आमचे आशीर्वाद आहेत. पण इथे काही नाही म्हणून जायचं, असं कोणी म्हणालं तर ते मला मान्य नाही. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत शिष्यांना शिकवत होते. अब्दुल करीम खाँसाहेबांनी मिरज हे आपलं घर मानलं आणि १९३७ साली त्यांचं निधन झाल्यावर त्यांना मिरजेच्याच मातीत ठेवलं गेलं. अल्लादिया खाँसाहेब कोल्हापूरच्या दरबारात होते. ते औषधोपचारासाठी सांगलीत येऊन राहिले असताना कुर्डीच्या मोगूबाईंचं गाणं त्यांच्या कानावर पडलं आणि त्यांनी त्यांना शिकवायला सुरुवात केली. मोगूबाई आणि पुढे त्यांच्या कन्या किशोरीताई, एवढी मोठी परंपरा सांगलीच्या एका घरातल्या रियाजाशी जोडलेली आहे. विष्णुदास भाव्यांचं ‘सीतास्वयंवर’ नाटक १८४३ साली सांगलीतच झालं. थोडक्यात, या भागाला गाणं नवं नाही आणि ऐकणाऱ्याचा कानही नवा नाही.

मग आज तुमच्यासारख्यांना मंच का मिळत नाही? याचं उत्तर शोधायचं तर आधी मंच कुणाच्या जिवावर उभा होता हे पाहावं लागेल. तो राजाच्या जिवावर उभा होता. शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना सांभाळलं. १९२२ साली महाराज गेले आणि खाँसाहेबांनी मुंबईची वाट धरली. महाराजांच्या पुढाकाराने उभं राहिलेलं पॅलेस थिएटर, आजचं केशवराव भोसले नाट्यगृह, १९१५ पासून कोल्हापूरच्या कलाकारांचं हक्काचं ठिकाण होतं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्याच दिवशी, ते आगीत जळालं. त्या रात्री म्हातारे कलावंत रस्त्यावर उभे राहून रडले. ती इमारत पुन्हा उभी राहावी ही आपल्या सगळ्यांची इच्छा आहे. पण या दोन घटना शेजारी ठेवून पाहा. एक आश्रयदाता गेला, एक वास्तू जळाली, आणि दोन्ही वेळा कलाकार उघड्यावर पडला. फक्त आश्रयावर किंवा फक्त इमारतीवर उभं असलेलं संगीत फार लवकर पोरकं होतं.

याच मातीतल्या एका माणसाने हे फार आधी ओळखलं. विष्णु दिगंबर पलुस्कर १८७२ साली कुरुंदवाडला जन्मले. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली, दृष्टी अधू झाली, आणि त्यांना मिरजेला बाळकृष्णबुवांकडे गाणं शिकायला पाठवलं. १८९६ साली मिरज सोडल्यावर त्यांना एखाद्या संस्थानात दरबारी गवई होता आलं असतं. त्यांनी ते केलं नाही. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर कार्यक्रम केला. त्या काळात गाणं ऐकायला सामान्य माणसाने पैसे मोजून खुर्चीवर बसणं ही कल्पनाच धाडसाची होती. मग ५ मे १९०१ रोजी, घरापासून शेकडो कोस दूर लाहोरमध्ये, त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. विद्यार्थी तयार केले, त्या विद्यार्थ्यांनी गावोगावी वर्ग काढले, आणि वर्गांतून बाहेर पडलेली माणसं पुढे श्रोते झाली. पंडितजींनी मंच मागितला नाही. मंचाला लागणारी माणसं घडवली. माझ्या मते त्यांचं हे काम त्यांच्या गाण्याइतकंच मोठं आहे, आणि तुम्ही सगळे त्या कामाचे वारस आहात.

आता तुम्हाला थोडं आडवळणाचं वाटेल असं एक उदाहरण देतो. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमाराला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. प्रत्येक राहुटीवर फडाच्या नावाचा फलक असतो, आत फडमालक किंवा व्यवस्थापक बसलेला असतो. गावोगावच्या यात्रा कमिटीची माणसं तिथे येतात, या राहुटीतून त्या राहुटीत हिंडतात, तारखा विचारतात, घासाघीस करतात, सुपारी ठरते, इसार दिला जातो. पुढच्या यात्रा-जत्रांच्या हंगामात कुठल्या गावी कुठला फड जाणार हे तिथे पक्कं होतं. कलाकार कुठे सापडेल हे गावाला माहीत असतं, आणि गाव कुठे येईल हे कलाकाराला. ज्यांना आपण अनेक वर्षं नाकं मुरडली त्या लोककलावंतांनी आपल्या धंद्याची ही रीत स्वतः बसवली. फडांची आजची ओढाताण मला माहीत आहे, त्यांचे हाल मी लपवत नाही. पण ही रीत त्यांच्याकडे आहे आणि आपल्याकडे नाही. ख्याल गाणाऱ्या, भावगीत गाणाऱ्या, तबला-संवादिनी वाजवणाऱ्या आमच्या मुलांना भेटण्याची अशी जागा सांगलीत नाही, कोल्हापुरात नाही, साताऱ्यात नाही.

त्यामुळे होतं काय? आपल्या भागात वर्षभर कार्यक्रमांची रेलचेल असते. आषाढीला अभंगवाणी, मग गुरुपौर्णिमा, गणेशोत्सव, नवरात्र, कोजागरी, दिवाळी पहाट, औदुंबर-नृसिंहवाडीची दत्तजयंती, पाडवा पहाट, रामनवमी. प्रत्येक तालुक्यात मंडळं आहेत, पतसंस्था आहेत, देवस्थानं आहेत, त्यांच्याकडे निधीही आहे. पण दिवाळी पहाटेच्या आधी तीन आठवडे कार्यवाह फोन हातात घेतो आणि टीव्हीवर दिसलेलं पहिलं नाव बोलावतो. निधीतला मोठा भाग त्या एका नावावर आणि त्याच्या प्रवासावर जातो. गावातल्या मुलीला निरोप जातो, पाहुणे येईपर्यंत वीस मिनिटं गा. समोर खुर्च्या लावणं चाललेलं असतं, ध्वनिव्यवस्थेवाला माईक तपासत असतो, आणि तिने दहा वर्षं घोटलेला राग त्या गोंगाटात विरून जातो. वर तिला सांगितलं जातं की आम्ही तुला संधी दिली.

याविषयी मला स्पष्ट बोलायचं आहे. मिरजेला ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. मोठमोठ्या कलाकारांनी तिथे हजेरी लावली आहे. तिथे गाणं ही सेवा आहे, ती कलाकाराने आपल्या श्रद्धेने द्यायची आहे. तिथे तुम्ही जरूर जा आणि आपलं भाग्य समजून गा. पण ज्या मंडळाने मांडवाला पैसे दिले, रोषणाईला दिले, पाहुण्या कलाकाराला दिले, त्याने फक्त गावच्या कलाकाराला श्रीफळ आणि शाल देऊन वाटेला लावायचं, याला सेवा म्हणत नाहीत. तो अन्याय आहे. तुम्ही नम्रपणे पण ठामपणे मानधन सांगायला शिका. रक्कम लहान असू द्या, ती आधी ठरू द्या आणि शक्य तर लेखी असू द्या. आणि जेव्हा तुमच्या हातात पाकीट येईल तेव्हा तबला आणि संवादिनीच्या साथीदारांची बिदागी आधी द्या, मग आपली मोजा. या पट्ट्यातले कितीतरी चांगले वादक साथीचे पैसे वेळेवर मिळाले नाहीत म्हणून वाद्य बाजूला ठेवून दुकानात बसले. त्यांच्याविना तुम्ही कोणासोबत गाणार?

बाकी काही गोष्टी झटपट सांगतो, कारण त्या तुमच्या गुरूंनीही सांगितल्या असतील. आकाशवाणीची स्वरपरीक्षा द्या. ‘बी’, ‘बी हाय’, ‘ए’, ‘टॉप’ या श्रेणी आजही आयोजक विचारतात, आणि सांगलीचं केंद्र तुमच्या दारात आहे. केंद्र सरकारची १८ ते २५ वयाच्या कलाकारांसाठी दोन वर्षांची शिष्यवृत्ती आहे, महिना पाच हजार रुपयांची. तिचा अर्ज वेळेत भरा. आपल्या गाण्याचं पाच मिनिटांचं स्वच्छ ध्वनिमुद्रण तयार ठेवा. त्यावर प्रतिध्वनी आणि सजावट चढवू नका, खरा आवाज ऐकू द्या. आणि तासाभराचा एक बांधलेला कार्यक्रम हाताशी असू द्या. ‘मी काहीही गाते’ असं म्हणणाऱ्या गायिकेला कार्यवाह लक्षात ठेवत नाही. ‘मी पावसाळी रागांचा तासाभराचा कार्यक्रम करते, सोबत दोन साथीदार, एवढं मानधन,’ असं सांगणारी त्याच्या लक्षात राहते.

पण माझा खरा आग्रह आहे तो छोट्या बैठकीचा. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. काही सणांचे दिवस तेवढे अपवाद. हा नियम आजारी माणसांसाठी आणि मुलांसाठी योग्यच आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यामुळे रात्रभर चालणाऱ्या उघड्यावरच्या मैफली संपल्या, आणि मालकंस, दरबारी कानडा त्यांच्या वेळेला ऐकण्याची सवयच मोडली. याला उत्तर आहे, आणि ते स्वस्त आहे. बंद खोली, पन्नास माणसं, सतरंजी, दोन तानपुरे, माईक नाही. तालुक्यातल्या अनेक वाचनालयांना सभागृह आहे आणि ते संध्याकाळी रिकामं असतं. शाळांचे हॉल आहेत, जुन्या वाड्यांचे सोपे आहेत. दर महिन्याला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी बैठक लावा. पहिल्या महिन्यात बारा माणसं येतील. त्या बाराजणांना तुमच्या घरच्यांसारखं वागवा. पाचव्या महिन्यापर्यंत त्यांच्या शेजारी नवी माणसं दिसू लागतील, कारण कुठे काय चाललं आहे याची खबर असलेला माणूस प्रत्येक गल्लीत असतो आणि तो एकदा आला की चार जणांना आणतो. वर्षातून एकदा दहा हजारांची गर्दी जमवणाऱ्या महोत्सवापेक्षा महिन्याला पन्नास माणसं जमवणारी बैठक कलाकाराला जास्त घडवते, असं माझं ठाम मत आहे. महोत्सवात श्रोता नावासाठी येतो. बैठकीत तो तुमच्या षड्जासाठी येतो आणि पुढच्या महिन्यात तो षड्ज आणखी किती लागला हे त्याला कळतं.

आणि ही बैठक एकट्याने काढू नका. आज तुमच्यासोबत पदवी घेणारे इथे बसले आहेत. त्यांत तबलजी आहेत, संवादिनी वाजवणारे आहेत, कुणाचा अक्षराला हात आहे, कुणाला बोलता येतं. एकाने निवेदन करावं, एकाने फलक लिहावा, एकाने दारात उभं राहून लोकांची नावं लिहून घ्यावीत. या महिन्यात तुम्ही गायलात तर पुढच्या महिन्यात श्रोत्यांत पहिल्या रांगेत बसा. सहकाऱ्याच्या कार्यक्रमाला न जाणारा कलाकार स्वतःच्या कार्यक्रमाला रिकाम्या खुर्च्या ओढवून घेतो, हे मी फार वेळा पाहिलं आहे आणि दर वेळी मला वाईट वाटलं आहे.

मिरजेच्या तंतुवाद्य बनवणाऱ्या कारागिरांकडेही जा. शस्त्रांना धार लावणारी शिकलगार मंडळी, शस्त्रांचा काळ सरला तसा फरीदसाहेबांच्या पुढाकाराने तंतुवाद्यांकडे वळली. पंढरपूर-मंगळवेढा भागातला भोपळा त्यांच्या हातून तानपुरा होऊन साऱ्या देशात गेला. २०२४ साली मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मोबाइलमधला तानपुरा सोयीचा आहे, रियाजाला तो वापरा, मी अडवत नाही. पण बैठकीत खरा तानपुरा लावा, आणि तो ज्याने बनवला त्याला बोलावून पहिल्या रांगेत बसवा. आपल्या भागातलं संगीत म्हणजे गाणाराही, वाजवणाराही आणि खुंटी घासणाराही.

कुलगुरू महोदय, एक विनंती आपल्यालाही आहे. युवा महोत्सवात आपण दरवर्षी शेकडो मुलांना मंचावर आणतो आणि पदवी हातात पडली की त्यांची वाट पूर्ण सुटते. दसऱ्याच्या आधी एक दिवस विद्यापीठाने आपल्या पदवीधरांसाठी ठेवावा. मंडळांचे कार्यवाह, देवस्थानांचे विश्वस्त, पतसंस्थांचे अध्यक्ष यांना बोलवावं, आणि प्रत्येक कलाकाराला दहा मिनिटं गाऊ-वाजवू द्यावं. दिवाळी पहाटेच्या तारखा तिथेच ठरू द्याव्यात. नारायणगावच्या राहुट्यांना जे जमतं ते विद्यापीठाला नक्की जमेल.

आणि सभागृहात बसलेल्या मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. मोठं नाव बोलवा, त्यात गैर काही नाही. पण त्याच्या आधी नव्हे, त्याच्या बरोबरीने, खुर्च्या भरल्यावर आणि माईक नीट लागल्यावर, तुमच्याच तालुक्यातल्या एका कलाकाराला पूर्ण तास द्या आणि पत्रिकेवर त्याचं नाव त्याच आकारात छापा.

माझ्या मित्रमैत्रिणींनो, पुढच्या महिन्यात पहिली बैठक लावा. तारीख ठरली की मला कळवा. मी येईन, सतरंजी घालायला लवकर येईन.