घाटवाटा आणि इतिहासातील गावे : सायकलवरून वाई, महाड, भोर
(हीरक महोत्सवी समारंभातील भाषण)



मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला, मग ती शाळा महाराष्ट्रापासून कितीही दूर असो, वाई, जावळी, प्रतापगड, महाड, रायगड ही नावे पाठ असतात. उत्तरपत्रिकेत ती बिनचूक उतरतात. परंतु वाई आणि जावळी यांच्यामध्ये काय आहे, असे विचारले की वर्ग गप्प होतो. त्या दोन नावांमध्ये एक डोंगर आहे; आणि १६५९ सालचा तो प्रसिद्ध प्रसंग ज्या तऱ्हेने घडला, त्याचे निम्मे कारण तो डोंगर आहे. मोटारीच्या काचेआडून तो तासाभरात मागे पडतो आणि विसरला जातो. सायकलवरून त्याला अर्धा दिवस द्यावा लागतो, आणि मग तो जन्मभर विसरत नाही.

आजचा विषय हा सायकलचा मार्ग आहे. वाईहून पाचगणी, महाबळेश्वर, प्रतापगडाचा पायथा, पोलादपूर, महाड. तेथून वरंध घाटाने पुन्हा वर चढून भोर. आणि मांढरदेवच्या डोंगरावरून परत वाई. अंतर दोनशे किलोमीटरहून थोडे अधिक भरते. सराव असलेल्या स्वारालाही चार दिवस हवेत, कारण या वाटेवर थांबण्यासारखे फार आहे.

आरंभ वाईचा. कृष्णाकाठचे घाट, १७६२ साली गणपतराव रास्ते यांनी बांधविलेले ढोल्या गणपतीचे मंदिर आणि मराठी विश्वकोशाचे कार्यालय हे सारे एका गावात नांदते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी विश्वकोशाचे काम येथूनच चालविले. जवळच मेणवली आहे. तेथे नाना फडणवीसांचा वाडा आणि नदीवरचा घाट आजही उभे आहेत. घाटावर टांगलेली मोठी घंटा १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यानंतर आणलेली आहे. पोर्तुगीज चर्चची घंटा कृष्णाकाठी वाजावी, हा एका शतकाचा इतिहास मुलाला एका वस्तूत दिसतो.

वाईबाहेर पडताच पसरणी गाव लागते आणि तेथून घाट सुरू होतो. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७२० मीटरवर, तर पाचगणी सुमारे १,२९० मीटरवर. हा फरक बारा-तेरा किलोमीटरांत चढायचा असतो. म्हणजे दर शंभर मीटरला साधारण पाच मीटर चढ. आकडा लहान दिसतो. पहिल्या तीन वळणांत तो पोटऱ्यांना कळतो. नवख्याने येथे वेग सोडून द्यावा, हलका गिअर धरावा आणि बोलता येईल एवढ्याच श्वासावर चढत राहावे. दीड-दोन तास लागले तरी लाज नाही. शाहीर साबळे यांचा जन्म १९२३ साली याच पसरणीत झाला. २०२३ साली महाराष्ट्राने जे गीत राज्यगीत म्हणून स्वीकारले, ते घरोघरी पोहोचले ते त्यांच्या आवाजात. बृहन्महाराष्ट्रातील मराठी शाळांनाही ते तोंडपाठ आहे.

पाचगणीपुढे थोडी वाट वाकडी करून भिलारला जावे. स्ट्रॉबेरी पिकविणारे हे गाव ४ मे २०१७ पासून ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून ओळखले जाते. तेथे गावकऱ्यांनी आपल्या घरांतील खोल्या पुस्तकांसाठी मोकळ्या केल्या आहेत. येणाऱ्याने ओसरीवर बसून वाचावे आणि पुस्तक जागेवर ठेवून निघावे, एवढीच अपेक्षा. चढून दमलेल्या मुलाने तेथे पाणी पिऊन एखादे मराठी पुस्तक हाती घेतले, तर त्या दिवसाचा अभ्यास पुरा झाला.

क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेच्या मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचा उगम मानला जातो. सावित्री पश्चिमेला कोकणात उतरते आणि अरबी समुद्राला मिळते. कृष्णा पूर्वेला वळून कर्नाटक, तेलंगणा, आंध्र असा प्रवास करीत बंगालच्या उपसागराला जाते. एकाच डोंगरमाथ्यावरचे पाणी दोन समुद्रांना जाते, हा भूगोल फळ्यावर खडूने काढता येतो. तेथे मात्र तो पायाखाली असतो.

येथून खरा उतार सुरू होतो. महाबळेश्वर ते पोलादपूर या सुमारे चाळीस किलोमीटरांत रस्ता बाराशे मीटरहून अधिक खाली येतो. आधी तो कोयनेच्या खोऱ्यात, म्हणजे जुन्या जावळीत उतरतो. मग प्रतापगडाच्या पायथ्याची खिंड ओलांडून आंबेनळी घाटाने कोकणात जातो. येथे पाठ्यपुस्तकातला धडा उलगडू लागतो. अफजलखानाचा तळ वाईला होता. मोकळे मैदान, मुबलक पाणी, हत्ती, तोफा आणि घोडदळ हे सारे त्याच्या बाजूचे होते. शिवाजी महाराज वाईला गेले नाहीत. त्यांनी खानाला जावळीत आणले. खानाचे सैन्य रडतोंडीच्या घाटाने पारला उतरले. त्या घाटाचे नावच त्याचे वर्णन आहे. एका माणसालाही जेथे तोल सांभाळून उतरावे लागते, तेथे हत्ती आणि अवजड सरंजाम कसा उतरला असेल आणि घाईने परत कसा चढला असता, हे वळणावळणाला ब्रेक आवळणाऱ्या मुलाला कोणी समजावून द्यावे लागत नाही. १० नोव्हेंबर १६५९ चा निकाल कसा लागला, याचे उत्तर त्याचे दुखणारे मनगट देते.

रस्त्यापासून थोडे आत पार गाव आहे. वरदायिनीचे मंदिर आणि कोयनेवरचा, शिवकालीन म्हणून ओळखला जाणारा दगडी पूल तेथे पाहावा. गडावर जाणाऱ्या गर्दीपैकी फार थोडे लोक या पुलाकडे वळतात. गडाइतकेच त्याचे मोल आहे, कारण राज्य चालते ते रस्त्यांनी आणि पुलांनी.

पोलादपूरला ‘शिवभारत’कार कवींद्र परमानंदांची समाधी आहे; तालुक्यातील उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव. पुढे महाड. येथे २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि सार्वजनिक पाण्यावर प्रत्येकाचा हक्क असल्याचे कृतीने सांगितले. जवळच रायगड आहे. तेथे ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला. या दोन स्थळांचे दर्शन एकाच मुक्कामात घेणाऱ्या मुलाला स्वराज्य या शब्दाचे दोन अर्थ शेजारी शेजारी भेटतात.

परतीचा वरंध घाट तिन्हीत एकाकी. त्याच्या पायथ्याकडून शिवथरघळीला वाट जाते. समर्थांनी दासबोध तेथे सांगितला, अशी परंपरा आहे. माथा ओलांडला की नीरा देवघरच्या जलाशयाच्या काठाने भोरचा हिरडस मावळ येतो. बाजीप्रभू याच मावळातले. वतनावर पाणी सोडून महाराजांच्या पाठीशी उभे राहिलेले कान्होजी जेधे भोरजवळच्या कारीचे.

आता पालकांसाठी चार शब्द. हा मार्ग सुंदर आहे आणि कठोरही आहे. पावसाळ्यात तो सर्वथा टाळावा. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ योग्य. पहाटे धुके असते, म्हणून पुढे-मागे दिवा हवा. शनिवार-रविवारी महाबळेश्वरच्या मोटारींची रीघ लागते. आठवड्यातील इतर दिवस निवडावे. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नये. दोन्ही ब्रेक थोडे थोडे, आलटून पालटून वापरावे, वळणाआधी वेग उतरवावा आणि वळणावर घंटी वाजवावी. हेल्मेट, जादा ट्यूब, हवेचा पंप आणि पाणी यांशिवाय निघू नये. मुलांनी एकामागे एक चालावे. शेवटी एक जाणता स्वार असावा. घाटाचा सराव नसलेल्या मुलाला प्रथमच आंबेनळी उतरू देऊ नये.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे भाषण पुरे होणार नाही. २२ जुलै २०२१ रोजी अतिवृष्टीने महाड तालुक्यातील तळिये गावावर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यातही त्याच दिवशी दरडींनी घरे गिळली. आंबेनळीचा रस्ता जागोजागी तुटला. तळिये हे नाव कोणत्याही पाठात नव्हते. पण ज्या खोऱ्यांचे मावळे पाठात आहेत, त्याच खोऱ्यांतील ही माणसे होती. या गावांतील कितीतरी घरांना आज कुलूप असते. तरुण पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला कामावर जातात आणि गणपतीला, शिमग्याला घरे उघडतात. पोटासाठी गाव सोडणे म्हणजे काय, हे परप्रांतात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना निराळे सांगावे लागत नाही.

म्हणून या वाटेवर जाणाऱ्याने गावाकडे पडदा म्हणून पाहू नये. चहा गावातल्या टपरीवर घ्यावा. मुक्काम गावातल्या घरी करावा आणि त्याचे पैसे घासाघीस न करता द्यावे. छायाचित्र विचारून काढावे. प्लास्टिकची बाटली बरोबर परत न्यावी. आणि ओसरीवर बसलेल्या आजींशी दोन वाक्ये मराठीत बोलावी. त्यांची मराठी पुस्तकातल्याहून निराळी असते. ती कानांत साठवावी.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळेने आजवर मुलांना लिपी दिली, भाषा दिली, इतिहासातली नावे दिली. त्या नावांना चढ-उतार, पाणी आणि माणसांचे चेहरे मिळवून देणे हे आता घरांचे काम आहे. एखाद्या सुटीत मुलाला वाईला नेऊन सायकलवर बसवावे. परत आल्यावर जावळी हा शब्द तो लिहील, तेव्हा त्याचा हात क्षणभर थांबेल. त्या थांबण्यातच शिक्षण आहे.