डीव्हीडीवर चित्रफीत चालत नाही, तेव्हा दोष कोठे शोधावा?



स्नेहसंमेलनात मुलांनी केलेले नाटुकले आज मोबाईलमध्ये सहज टिपता येते; परंतु ते गावापुढे दाखविण्याची वेळ आली की अडचणी उभ्या राहतात. ज्या शाळेत जुना दूरदर्शन संच व डीव्हीडी प्लेअर अद्याप चालू स्थितीत आहेत, तेथे चित्रफितीची डीव्हीडी करणे सोयीचे वाटते. तथापि संगणकावर उत्तम चालणारी चित्रफीत प्लेअरमध्ये मुकी होते, अडखळते किंवा मुळीच दिसत नाही. जमलेले आईबाप रिकामा पडदा पाहून परत जातात. आणि वर्गात कधी न बोलणाऱ्या ज्या मुलाने त्या दिवशी धिटाईने भाषण केले, त्याचा आवाज घरच्यांच्या कानी पडत नाही. असा दोष बहुधा यंत्राचा नसतो. तो रूपांतराच्या एखाद्या पायरीवर राहिलेला असतो, आणि पायऱ्या क्रमाने तपासल्यास सापडतो.

प्रथम प्लेअरची मर्यादा ध्यानी घ्यावी. डीव्हीडी प्लेअर १९९६ साली जपानमध्ये प्रथम विक्रीस आले. त्या काळी ठरलेली रचनाच साधा प्लेअर ओळखतो. भारतात रूढ असलेल्या पाल पद्धतीत चित्र एमपेग-२ प्रकारचे, ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे व सेकंदाला २५ फ्रेमचे असावे लागते. मोबाईलमधील फाईल या नियमात बसत नाही. म्हणून ती केवळ तबकडीवर उतरवून भागत नाही; तिचे रूपांतर करावे लागते, आणि नंतर ‘व्हिडिओ_टीएस’ नावाच्या फोल्डरात व्हीओबी, आयएफओ व बीयूपी या फाईलींची मांडणी करावी लागते. डीव्हीडी स्टायलरसारखी विनामूल्य आज्ञावली ही दोन्ही कामे करते.

आता लक्षणांवरून दोष पाहावा.

तबकडी मुळीच ओळखली जात नसेल, तर तिच्यात वरील फोल्डर आहे किंवा नाही हे संगणकावर पाहावे. नसल्यास ती साधी डेटा तबकडी झाली आहे असे समजावे. फोल्डर असल्यास तबकडी ‘फायनलाईज’ केली होती काय, हे तपासावे. पुनःपुन्हा लिहिता येणारी तबकडी कमी प्रकाश परावर्तित करते; त्यामुळे काही जुने प्लेअर ती वाचत नाहीत. तेथे साधी डीव्हीडी-आर वापरून पाहावी.

चित्र दिसते पण आवाज नाही, असे झाल्यास आवाजाचा प्रकार पाहावा. मोबाईलमधील आवाज सामान्यतः एएसी प्रकारचा असतो. डीव्हीडीच्या नियमात तो नाही. तो डॉल्बी डिजिटल प्रकारात, सेकंदाला ४८,००० नमुन्यांचा करून घ्यावा.

आरंभी ओठ व शब्द जुळतात, पण पुढे अंतर वाढत जाते, ही तक्रार फार आढळते. मोबाईल पुष्कळदा फ्रेमचा वेग प्रकाशाप्रमाणे कमीअधिक करतो, हे याचे नेहमीचे कारण होय. मूळ फाईल आधी स्थिर २५ फ्रेमची करावी व मगच पुढील रूपांतर करावे.

माणसे उंच व किडकिडीत दिसू लागली, तर रुंद चित्रास चौरसट चित्राची खूण लागली आहे असे समजावे. दोन्ही प्रकारांत बिंदू ७२० गुणिले ५७६ इतकेच असतात. १६:९ की ४:३ हे केवळ खुणेवरून ठरते. खूण बरोबर असूनही चित्र तसेच दिसल्यास प्लेअरमधील पडद्याची निवड तपासावी. जुन्या संचावर चित्राच्या कडा कापल्या जातात; यास्तव मुलांची नावे प्रत्येक कडेपासून सुमारे एकदशांश आत लिहावीत.

चित्र अडखळत असेल, तर सेकंदाला खर्च होणारे बिट पाहावेत. चित्र व आवाज मिळून डीव्हीडीची मर्यादा सेकंदाला १ कोटी ८० हजार बिटांची आहे. हे गणित शिक्षकास अवघड नाही. एकथरी तबकडीत सुमारे ४७० कोटी बाइट मावतात, म्हणजे ३,७६० कोटी बिट. दोन तासांचे ७,२०० सेकंद होतात. भागाकार केल्यास सेकंदाला सुमारे ५२ लाख बिट येतात. त्यांतून आवाजासाठी २ लाख व थोडी शिल्लक सोडून चित्रास ४८ लाख द्यावेत. कार्यक्रम एकाच तासाचा असल्यास भागाकार मर्यादेबाहेर जातो. तेव्हा तबकडी भरण्याचा हव्यास न धरता चित्रास ८० लाख बिट पुरेत. प्रमाण योग्य असूनही चित्र अडखळल्यास तबकडी पुसून पाहावी, किंवा कमी वेगाने पुन्हा बर्न करावी.

या सर्वांत एक शिस्त पाळावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी व ती वहीत टिपावी. चार गोष्टी एकदम बदलल्यास दोष जातो, पण तो कोणता होता हे कळत नाही. आणि पुढील वर्षी तीच अडचण नव्याने उभी राहते. पूर्ण कार्यक्रमाऐवजी आधी दोन मिनिटांचा तुकडा करून पाहावा. मात्र आवाजातील वाढते अंतर पाहावयाचे असल्यास पूर्ण तबकडीचा शेवट तपासावा. परीक्षा ज्या प्लेअरवर कार्यक्रम दाखवावयाचा, त्याच प्लेअरवर आणि आदल्या दिवशी घ्यावी.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. डीव्हीडी तयार झाली म्हणून मूळ फाईल कधीही पुसू नये. रूपांतरात गेलेली चित्राची स्पष्टता परत मिळत नाही, आणि घरी लिहिलेल्या तबकडीचा रंगथर कालांतराने बिघडू शकतो. मूळ फाईल दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवावी. तबकडी पुन्हा करता येते. त्या मुलाचे ते पहिले भाषण पुन्हा होत नाही.