पंचवीस हजार व्होल्ट आणि आईची जखम

मी डिप्लोमावाला रेल्वे इंजिनिअर. ओळख ओएचईच्या २५,००० व्होल्टशी. मधुमेही आईच्या पायाची पट्टी रोज काढताना ती कळवळायची, तेव्हा इलेक्ट्रोस्पिनिंगविषयी वाचले. फॉर्महाल्सने १९३४ साली याचे पेटंट घेतले. औषध मिसळलेले पॉलिमरचे द्रावण सुईतून सोडून साधारण तेवढाच दाब द्यायचा, प्रवाह मात्र नगण्य. केसाच्या शंभराव्या हिश्श्याएवढे बारीक तंतू निघतात. ते सावकाश विरघळतात, तसे औषध झिरपते. सगळे पहिल्याच तासात सुटू नये, हीच कसोटी. आपल्या चेन्नईत, अड्यारच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेतही अशा तंतूंवर संशोधन झाले आहे. आई आता नाही. दुसऱ्या कुणाच्या आईची पट्टी तरी रोज उचकटावी लागू नये, एवढेच बाप्पाकडे मागणे.

गणपती बाप्पा मोरया!