शिरपूरची मुलगी आणि आमच्या घरचा नकार

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात महिला दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके करून दिले आहे.)



सचिवांनी मला आधीच ताकीद दिली आहे. "काका, पंधरा मिनिटं बोला, पण बँकेच्या गोष्टी नकोत." मी कबूल केलं. तरी सुरुवात बँकेपासूनच करावी लागणार, त्याला माझा इलाज नाही. छत्तीस वर्षं नोकरी केलेला माणूस दुसरीकडून सुरुवात करणार तरी कुठून?

१९७३ साली मी क्लार्क म्हणून बँकेत लागलो. पहिली नेमणूक मुंबईला, फोर्टात. धुळ्याहून गेलेला तेवीस वर्षांचा पोरगा, गिरगावात मामांच्या खोलीवर राहायचो. चाळीत आमच्या मजल्यावर एकच टीव्ही होता. मुंबईचं दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालेलं, म्हणजे ती नवलाईच होती. टीव्ही ठेवायचा तर तेव्हा पोस्टातून लायसन्स काढावं लागे. आज आपल्या प्रत्येक फ्लॅटमध्ये दोन-दोन टीव्ही आहेत आणि बघायला कोणाला वेळ नाही. तेव्हा टीव्ही एक आणि बघणारे चाळीस. मुलं पुढे जमिनीवर, बायका मध्ये, पुरुष मागे उभे आणि आमच्यासारखे पाहुणे दाराच्या चौकटीत.

एका संध्याकाळी बातम्या लागल्या. समोर एक सावळी मुलगी. मोठे डोळे, कपाळावर ठसठशीत कुंकू, साधी साडी. आवाज थोडा खालच्या पट्टीतला. ती बातम्या वाचत होती, पण वाचतेय असं वाटत नव्हतं. शेजारच्या घरातली मुलगी आपल्याला काही महत्त्वाचं सांगतेय असं वाटत होतं. चाळीस माणसांची खोली गप्प झाली.

माझे मामा अर्धं आयुष्य मुंबईत राहिले तरी बोली सुटली नव्हती. ते एकदम म्हणाले, "अरे, हाई ते आपला शिरपूरनी पोर शे! शिवाजीरावनी!"

ती स्मिता पाटील होती.

मी तिचा उल्लेख एकेरी करतोय, त्याचा राग मानू नका. ती माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. आणि आपल्या गावाकडच्या मुलीला आपण अहो-जाहो करतो का?

तरुण मंडळींना स्मिता पाटील म्हटलं की सिनेमा आठवतो. बरोबरच आहे. पण लोकांनी तिला पहिल्यांदा पाहिलं ते बातम्या देताना. १७ ऑक्टोबर १९५५ चा तिचा जन्म, पुण्यातला. वडील शिवाजीराव गिरधर पाटील आपल्या धुळे जिल्ह्यातले, शिरपूरचे. स्वातंत्र्यसैनिक, समाजवादी विचारातून आलेले, पुढे मंत्री झाले, २०१३ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. शिरपूरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीतलं त्यांचं नाव आपण सगळे जाणतो. आपली सोसायटीही सहकाराच्याच कायद्याखाली नोंदलेली, तेव्हा ते एका अर्थी आपल्या गोतातलेच. आई विद्याताई परिचारिका. वडील राजकारणात आणि समाजकार्यात, आणि आई नोकरी करून घर सांभाळणारी. अशा घरात या मुली वाढल्या. स्मिता लहानपणी राष्ट्र सेवा दलात होती, कलापथकाबरोबर फिरलेली होती. चारचौघांत उभं राहून बोलायचं, गायचं, नाचायचं, यात काही वावगं आहे असं त्या घरात कोणाला वाटलंच नाही. हे मी मुद्दाम सांगतोय. पुढे लागणार आहे.

ती टीव्हीवर कशी गेली याचीही गोष्ट सांगतात. मैत्रीच्या वर्तुळात कोणी तिचे फोटो काढले, ते दूरदर्शनच्या आवारात कोणी बघत होतं, तिथल्या साहेबांची नजर पडली आणि त्यांनी विचारलं, ही मुलगी कोण? दुसरी गोष्ट तर प्रसिद्धच आहे. ही कॉलेजची पोर जीन्स घालून यायची आणि बातम्यांची वेळ झाली की जीन्सवरच साडी गुंडाळून खुर्चीत बसायची. टेबलाच्या वर दिसायची ती सोज्वळ मराठी मुलगी, टेबलाखाली जीन्स! आमच्या चाळीतल्या म्हाताऱ्यांना हे कळलं असतं तर त्यांनी टीव्हीच बंद केला असता.

आता कोणी म्हणेल, बातम्या वाचणं म्हणजे पत्रकारिता नव्हे. मान्य. बातमी दुसऱ्यांनी आणलेली, दुसऱ्यांनी लिहिलेली. पण त्या काळचं काम सोपं नव्हतं. हातात कागद, समोर कॅमेरा, आणि थेट प्रक्षेपण. चूक झाली तर रबराने खोडता येत नाही. आम्ही कॅशमध्ये बसायचो तेव्हा समोर रांग कितीही आरडाओरडा करो, नोटा मोजताना चेहरा आणि बोटं हलू द्यायची नाहीत हे पहिलं शिकवलं जायचं. बातमी देणाऱ्याचंही तसंच. दुष्काळाची बातमी असो की निवडणुकीची, आवाज घसरता कामा नये, नावाचा उच्चार चुकता कामा नये.

आणि ती एकटी नव्हती. भक्ती बर्वे यांनी बातम्या दिल्या आणि पुढे 'ती फुलराणी' गाजवली. स्मिता तळवलकर यांनी सतरा वर्षं बातम्या दिल्या, मग 'कळत नकळत', 'चौकट राजा' असे चित्रपट काढले. या बायकांनी एक मोठी गोष्ट केली. तोवर जगाची खबर घरात आणायची ती पुरुषाने. पेपर आधी वडिलांच्या हातात, मग मुलांच्या, आणि बाईच्या हातात आला तो रद्दी म्हणून. या बायकांनी समोर बसून सांगायला सुरुवात केली, आणि घरातले कर्ते पुरुष मान खाली न घालता, मध्ये न बोलता ऐकू लागले. हे साधं वाटतं. पण आपल्याकडच्या कोणत्या घरात तेव्हा बाईचं बोलणं सलग दहा मिनिटं ऐकलं जायचं, ते तुम्हीच आठवून पाहा.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. श्याम बेनेगल यांनी तिला टीव्हीवर पाहिलं आणि सिनेमात घेतलं. 'चरणदास चोर', 'निशांत', मग १९७६ चा 'मंथन'. 'मंथन' तर दूध सोसायटीवरचा सिनेमा, आणि तो निघाला गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांच्या प्रत्येकी दोन रुपयांतून. मेंटेनन्स थकवणाऱ्या सभासदांनी हा आकडा लक्षात ठेवावा! 'भूमिका' आणि 'चक्र' या दोन्हींसाठी राष्ट्रीय पुरस्कार, १९८५ मध्ये पद्मश्री. आणि १३ डिसेंबर १९८६ ला, बाळंतपणानंतर पंधरवड्यात, ती गेली. वय अवघं ३१.

पण मला आज बोलायचंय ते १९८२ च्या 'उंबरठा' बद्दल. शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरचा, जब्बार पटेलांचा. त्यात सुलभा नावाची बाई नवरा आणि लहान मुलगी घरी ठेवून महिलाश्रमाची नोकरी करायला जाते. तेव्हा माझी बदली धुळ्याला झालेली होती. मी आणि आमच्या सौभाग्यवती बघायला गेलो. मी खूप भारावलो. घरी येईपर्यंत स्मिताचं कौतुक करत होतो. ही काहीच बोलली नाही. कुलूप उघडताना एवढंच म्हणाली, "सिनेमातल्या बाईचं कौतुक सोपं असतं." मी हसण्यावारी नेलं.

वीस वर्षांनी त्याचा हिशेब आला.

आमची मोठी मुलगी इथे जळगावला, आपल्या विद्यापीठात शिकली. बोलायला चुणचुणीत, लिहायला चांगली. दिवस बदलत होते. २००० साली ई टीव्ही मराठी सुरू झालं, आणि जिल्ह्याजिल्ह्यातल्या बातम्या टीव्हीवर दिसू लागल्या. मुली माईक घेऊन उभ्या दिसू लागल्या. २००२ मध्ये एका वाहिनीकडून आमच्या मुलीला बोलावणं आलं. मुलाखत झाली, निवड झाली. मुंबईला जायचं होतं. पत्र घेऊन ती माझ्यासमोर उभी राहिली.

मी नाही म्हणालो.

ओरडलो नाही. समजावून सांगितलं. मुंबईत राहणार कुठे? रात्री-अपरात्रीचं काम, दंगलीत, अपघाताच्या जागी जायचं. पगाराचा भरवसा नाही, पेन्शन नाही. स्थळं बघायची आहेत, लोक काय विचारतील? त्यापेक्षा बी.एड. कर. सगळी कारणं एका ऑफिसरला शोभतील अशी नीट, मुद्देसूद. कर्जाचा अर्ज नामंजूर करताना लिहितात ना, तशी. ती म्हणाली, "बरं, अण्णा." आणि पत्र घडी घालून कपाटात ठेवलं.

ती आज नाशिकला शिक्षिका आहे. चांगली शिक्षिका आहे, मुलं तिच्यावर जीव टाकतात. तिने मला कधीही बोल लावला नाही. पण २०२१ चा ऑगस्ट संपता संपता चाळीसगावला पूर आला, तितूर नदीचं पाणी गावात घुसलं, तेव्हा ती माहेरी आली होती. आम्ही टीव्ही लावून बसलो होतो. एक पंचविशीची मुलगी गुडघाभर पाण्यात उभी राहून सांगत होती. कुठल्या भागात काय स्थिती, जनावरं किती वाहून गेली, मदत कुठे पोचली नाही. मागून एक आजी येऊन तिचा हात धरून रडायला लागली. त्या मुलीने माईक खाली घेतला, आजीला जवळ घेतलं, आणि मग पुन्हा बोलायला लागली.

आमची मुलगी हळूच म्हणाली, "अण्णा, हे मला जमलं असतं."

रागाने नाही. आज पाऊस येईल असं म्हणावं, तितक्या सहज. मला उत्तर देता आलं नाही. आजही येत नाही. एवढं मात्र कळलं, की शिरपूरच्या त्या मुलीचं मी पन्नास वर्षं कौतुक केलं, पण तिच्या आईवडिलांनी काय केलं ते पाहिलंच नाही. त्यांनी मुलीला अडवलं नाही. रूप, आवाज, गुण लाखांत एकीला मिळतात. पण "जा" म्हणणं कोणत्याही बापाला जमण्यासारखं आहे. ते मला जमलं नाही.

हे सांगायला मी मुलीची परवानगी घेतली आहे. ती म्हणाली, "सांगा. पण रडू नका." म्हणून नाही रडत.

आता शेवटचं. आपल्या सोसायटीतल्या एका मुलीला बारावीनंतर पत्रकारितेला जायचं आहे. नाव घेत नाही, ती इथे बसली आहे आणि लाल झाली आहे. तिचे आईवडील विचारात आहेत हेही मला माहीत आहे. त्यांची काळजी खोटी नाही. माझीही खोटी नव्हती. या धंद्यात धावपळ आहे, नोकरीची शाश्वती कमी आहे, आज टीव्हीवर आरडाओरडाही फार आहे. तो आरडाओरडा पाहूनच मी म्हणतो, की शांतपणे बोलणारी आणि पाण्यात उतरून बघणारी माणसं तिथे हवीत. काळजी करा, चौकशी करा, चार प्रश्न विचारा. पण कारणांची यादी करून अर्ज नामंजूर करू नका.

आणि पैशाचा प्रश्न असेल तर शैक्षणिक कर्जाचा फॉर्म भरायला मी आहे. छत्तीस वर्षं लोकांचे फॉर्म तपासले, हा एक मी स्वतः भरेन. कागदपत्रं घेऊन रविवारी सकाळी या. चहा आमच्याकडे.

सचिव घड्याळ दाखवताहेत. बँकेच्या गोष्टी नको म्हणाले होते, शेवटी कर्जावरच आलो. माफ करा.

जय हिंद, जय महाराष्ट्र.