केबलचं बिल, दारातली छत्री आणि आपली बचत



कुणी भाकरी थापत असाल, कुणी गोठ्यातलं आवरत असाल, कुणी रानातून येऊन नुकत्याच टेकला असाल. हात चालू द्या, कान तेवढे इकडे द्या. आज आम्ही गटाच्या बायका टीव्हीबद्दल बोलणार आहोत. कोणती मालिका चांगली आणि कोणती वाईट, ते आम्ही सांगणार नाही. टीव्हीसाठी दर महिन्याला घरातून किती पैसे जातात, ते कमी कसे करता येतात आणि वाचलेले पैसे जातात कुठे, एवढंच बोलू.

विषय निघाला तो गटाच्या बैठकीत. एकीने सांगितलं, बचतीचे शंभर रुपये चार दिवसांनी देते, केबलवाला सकाळीच तीनशे घेऊन गेला. लगेच दुसरी म्हणाली, "आमच्याकडे बिल आलं की बोलणी मलाच बसतात. म्हणे तुझ्या मालिकांपायी पैसे जातात." मग एकेकीने तोंड उघडलं, तर घरोघरी मातीच्या चुली. बिल घराचं, बोल मात्र बाईला. वास्तविक त्याच बिलात क्रिकेटच्या वाहिन्या असतात, सिनेमाच्या असतात, बातम्यांच्या असतात आणि घरात कुणी कधी लावतही नाही अशा कितीतरी असतात.

आम्ही तिथल्या तिथे हिशेब मांडला. महिन्याला ३०० रुपये म्हणजे वर्षाला ३,६०० रुपये. पाच वर्षांचे झाले १८,००० रुपये. गटात आपण महिन्याला १०० रुपये टाकतो, ते वर्षाला होतात १,२००. म्हणजे बचतीच्या तिप्पट पैसा केबलला जातो. बचतीचे शंभर देताना आपण दहा वेळा विचार करतो आणि केबलचे तीनशे मात्र दारात उभ्या माणसाला बिनबोभाट काढून देतो.

आता कुणी म्हणेल, मग टीव्ही बंदच करा ना. आम्हाला ते पटत नाही. दिवसभर राबून रात्री अर्धा तास टीव्हीपुढे बसली तर बाईने काही गुन्हा केलेला नाही. आपण रानात गेल्यावर घरात एकट्या असलेल्या सासूबाईंना टीव्हीची सोबत असते. टीव्ही राहू दे. पैसे कमी कसे लागतील, ते बघू.

पहिलं काम बिल वाचण्याचं. केबलवाल्याकडून बिल किंवा पावती मागून घ्या. तो आपला हक्क आहे. बिलात मुख्य दोन भाग असतात. एक जोडणीचं भाडं, त्याला नेटवर्क कपॅसिटी फी म्हणतात. दुसरा भाग सशुल्क वाहिन्यांचा. या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी लागतो. २०१९ पासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा, म्हणजे ट्रायचा, नियम असा आहे की ग्राहकाला हवी ती वाहिनी सुटी निवडता येते. केबलवाल्याने ठरवलेला पॅक घ्यायची सक्ती नाही. प्रत्येक सशुल्क वाहिनीची किंमत जाहीर केलेली असते. तेव्हा त्याला सरळ सांगा, आम्हाला या दोनच वाहिन्या हव्यात, बाकीच्या मोफत असतील तेवढ्या राहू द्या.

पण हव्या त्या दोन कोणत्या? त्यासाठी आम्ही एक सोपा उद्योग केला. टीव्हीशेजारी भिंतीला एक कागद चिकटवला आणि दोरीने पेन्सिल बांधली. आठ दिवस जो कुणी टीव्ही लावेल, त्याने वाहिनीचं नाव लिहायचं. लिहिता न येणाऱ्या आजींसाठी नातवंडांनी लिहायचं. आठवड्याने कागद बघितले, तर बहुतेक घरांत चार-पाच वाहिन्यांपलीकडे कुणी गेलंच नव्हतं. एका घरात तर सगळ्यात जास्त वेळ क्रिकेट आणि बातम्या चालल्या होत्या. त्या घरातल्या बाईने कागद भिंतीवरून काढला नाही, तसाच राहू दिला. मालिकांवरून बोलणं तेव्हापासून बंद झालं.

आता दुसरा मार्ग. डीडी फ्री डिश. नाव पुष्कळ जणींनी ऐकलं असेल. ही प्रसार भारतीची, म्हणजे दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणाऱ्या सरकारी संस्थेची सेवा आहे. डिसेंबर २००४ मध्ये ती डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. पूर्वी छपरावर ॲल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना असायचा, त्यावर दूरदर्शन फुकट दिसायचं. आता बहुतेक ठिकाणची ती जुनी प्रक्षेपण केंद्रं बंद झाली आहेत. त्या अँटेनाची जागा या छत्रीने घेतली आहे.

फ्री डिशला छत्री, तिच्या तोंडाशी बसवलेली एलएनबी, वायर आणि सेट टॉप बॉक्स लागतो. बसवण्यासकट साधारण दीड ते दोन हजार रुपये एकदाच लागतात. त्यानंतर महिन्याचं भाडं नाही, वर्षाचं नाही, रिचार्ज नाही. ३०० रुपयांचं केबल बंद केलं तर सहा-सात महिन्यांत छत्रीची किंमत वसूल होते.

त्यावर काय दिसतं? शंभराहून जास्त वाहिन्या दिसतात. आपली दूरदर्शन सह्याद्री आहे. बातम्या, जुने सिनेमे, गाणी, भक्तीचे कार्यक्रम आहेत. मुलांच्या अभ्यासासाठी पीएम ई-विद्याच्या वाहिन्या आहेत. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा त्या सुरू झाल्या आणि अजून आहेत. आकाशवाणीची काही केंद्रंही त्याच बॉक्सवर ऐकू येतात. घरातल्या पुरुषांना क्रिकेटची काळजी असेल, तर तेही सांगतो. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी वाहिनीला प्रसार भारतीला द्यावं लागतं. त्यामुळे भारतीय संघाचे बरेचसे महत्त्वाचे सामने डीडी स्पोर्ट्सवर दिसतात. आयपीएल मात्र त्यात येत नाही.

आता काय दिसत नाही, तेही स्पष्ट सांगायला हवं, नाहीतर उद्या तुम्ही आम्हालाच धराल. रात्रीच्या गाजणाऱ्या मराठी मालिका ज्या मोठ्या वाहिन्यांवर लागतात, त्या बहुतेक सशुल्क आहेत. त्या फ्री डिशवर मिळत नाहीत. फ्री डिशवर जागा मिळवण्यासाठी खासगी वाहिन्यांना लिलावात बोली लावावी लागते. त्यामुळे साधारण दर एप्रिलला यादी बदलते. एखादी वाहिनी येते, एखादी जाते. छत्री घेण्याआधी ज्यांच्याकडे ती आहे अशा शेजारणीकडे संध्याकाळी अर्धा तास बसा आणि काय काय लागतं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

छत्री बसवताना काही गोष्टी लक्षात ठेवा. महाराष्ट्रातून तिचं तोंड आग्नेय दिशेला करावं लागतं. आकाशातला उपग्रह आपल्याला त्या बाजूला, चांगला वर आहे. त्या दिशेला आंबा, चिंच, नारळ किंवा शेजाऱ्याची माडी आड येत असेल तर चित्र येणार नाही. उन्हाळ्यात झाड बोडकं असताना चित्र दिसेल आणि पावसाळ्यात पालवी फुटली की जाईल, असंही होतं. तेव्हा जागा निवडताना झाड भरगच्च झाल्यावर कुठवर येतं, त्याचा अंदाज घ्या. छत्री भिंतीला किंवा कठड्याला पक्की बसवा. नुसत्या पत्र्यावर ठेवली तर वाऱ्याने हलते, आणि बोटभर हलली तरी चित्र जातं. मुसळधार पावसात थोडा वेळ चित्र गेलं तर घाबरू नका, पाऊस ओसरला की येतं. वळीव गडगडायला लागला की मात्र टीव्हीचा आणि बॉक्सचा प्लग काढा आणि छत्रीची वायरही बॉक्समधून सोडवून ठेवा.

बॉक्स घेताना तो एमपेग-४ आहे का ते दुकानदाराला विचारा. जुन्या पद्धतीच्या बॉक्सवर काही वाहिन्या दिसतच नाहीत. वॉरंटी विचारा, पावती घ्या. एक दिवस अचानक वाहिन्या गायब झाल्या तर लगेच मेकॅनिकला बोलावून दोनशे रुपये देऊ नका. रिमोटवरून मेन्यूत जाऊन ऑटो स्कॅन करा. पुष्कळदा तेवढ्याने काम होतं. आमच्या गटात हे काम आठवी-नववीतल्या मुली चटकन करतात. त्यांच्याकडून आम्हीही शिकलो.

घरावर बंद पडलेल्या डिशची जुनी छत्री असेल, तर ती टाकू नका. बहुधा तीच छत्री दिशा बदलून वापरता येते, नवीन लागतो तो फक्त बॉक्स. ती आपण विकत घेतलेली होती की कंपनीची होती, एवढं मात्र जुन्या पावतीवर बघून घ्या. आणखी एक युक्ती जावा-जावांसाठी आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांसाठी. दोन तोंडांची एलएनबी मिळते. छत्री एकच, वायरी दोन, बॉक्स दोन. छत्रीचा खर्च निम्मा होतो आणि ही घरात काहीही लावो, ती आपलं हवं ते लावू शकते.

फसवणुकीपासूनही सावध राहा. फ्री डिशच्या नावाने कुणी रिचार्ज मागायला आला किंवा फोनवर ओटीपी विचारू लागला, तर तो भामटा आहे असं खुशाल समजा. सगळ्या पैशांच्या वाहिन्या फुकट दाखवणारा बॉक्स देतो, असं कुणी म्हणालं तर तोही घेऊ नका. ते बेकायदेशीर आहे.

तिसरा मार्ग मोबाईलचा. तरुण मुलं म्हणतात, टीव्ही हवाच कशाला, मोबाईलवर सगळं दिसतं. दिसतं खरं. प्रसार भारतीचं वेव्हज नावाचं ॲप नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं, त्यावर दूरदर्शन बघता येतं. खासगी वाहिन्यांची ॲपही आहेत. काही जाहिरातींसह मोफत असतात, काही पैसे घेतात. पण साध्या दर्जाचं चित्र बघायलासुद्धा तासाला साधारण अर्धा जीबी डेटा जातो. दोन तास बघितलं की दिवसाच्या दीड जीबीतला एक जीबी संपला. आणि दुसरा प्रश्न त्याहून मोठा आहे. घरातला तो मोबाईल असतो कुणाच्या हातात? पोरगा कॉलेजला गेला की मोबाईल त्याच्याबरोबर गेला. सासूबाईंनी काय बघायचं? भिंतीवरचा टीव्ही सगळ्यांचा असतो, खिशातला मोबाईल एकाचाच. ज्या घरात बाईचा स्वतःचा मोबाईल आहे आणि रेंज धड आहे, तिथे हा मार्ग चालेल. सगळीकडे चालणार नाही.

आणि रेडिओला विसरू नका. तुम्ही आत्ता तोच ऐकताय. त्याला महिन्याचं भाडं नाही, आणि हातातलं काम सोडून त्याच्यापुढे बसावंही लागत नाही.

आता आमच्या गटात काय झालं ते सांगतो. सगळ्यांनी एकच मार्ग धरला नाही. काहींनी छत्री घेतली. त्यांतल्या दोघी जावांनी एकत्र घेतली. एका घरात सासूबाईंची एक मालिका कित्येक वर्षांची. ती बंद करायची कुणाची छाती नव्हती आणि करूही नये. त्या घराने केबल ठेवलं, पण पॅक काढून टाकला. सासूबाईंची एक आणि सगळ्यांची एक अशा दोनच सशुल्क वाहिन्या घेतल्या. बिल उतरलं आणि म्हातारीची मालिकाही राहिली. केबल बंद करणाऱ्या घरांनी केबलवाल्याचा बॉक्स परत करून लेखी पोच घेतली, अनामत होती ती परत मागितली. एकाने अनामतीसाठी बरेच हेलपाटे घालायला लावले. शेवटी चौघी मिळून गेलो तेव्हा दिली.

शेवटचं आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचं. वाचलेले पैसे कुठे जातात? नुसते वाचले म्हणून ते हातात राहत नाहीत. किराण्यात जातात, कुणाच्या चहा-तंबाखूत जातात, आणि वर्षाने विचारलं तर कुणालाच सांगता येत नाही. म्हणून आम्ही ठरवलं, ज्या घरात बिल कमी झालं, त्या घरातल्या बाईने कमी झालेल्या रकमेतला निम्मा तरी भाग जादा बचत म्हणून गटात टाकायचा, तिच्या नावावर, तिच्या पासबुकात. घरात आधी बोलून, सगळ्यांना सांगून. कागद तिने लावला, हिशेब तिने केला, छत्रीची चौकशी करायला तालुक्याला तीच गेली. मग त्यातलं थोडं तिच्या नावावर राहिलं तर कुणाच्या पोटात दुखायचं कारण नाही. महिन्याला १५० रुपये जादा टाकले तर वर्षाला १,८०० होतात. पोरीच्या बारावीच्या फॉर्मला, एसटीच्या पासला किंवा दवाखान्याला ऐन वेळी कुणापुढे हात पसरावा लागत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, या आठवड्यात एवढंच करा. टीव्हीशेजारी कागद लावा आणि केबलवाल्याकडून बिल मागून घ्या. पुढच्या बैठकीला दोन्ही घेऊन या, मिळून वाचू. ज्या गटांनी आधीच काही मार्ग काढला असेल, त्यांनी केंद्रावर येऊन सांगावं. आम्हालाही ऐकायचं आहे.