लग्न जर्मनीत, कागद गावात

कुणी चुलीपुढे असाल, कुणी शिवणयंत्रावर, कुणी गोठ्यात. हातातलं काम चालू ठेवा, कान मात्र इकडे द्या. आज आम्ही एका लग्नाची गोष्ट सांगणार आहोत. लग्नाची म्हणजे लग्नाच्या कागदांची.

तुम्ही म्हणाल, आपल्या पोरी कुठे परदेशात लग्न करायला चालल्यात? आम्हालाही तसंच वाटायचं. पण आता गावोगावच्या मुली नर्सिंग शिकून बाहेर पडतायत. २०२४ साली आपल्या राज्य सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून तर जर्मनीचं नाव तालुक्याच्या गावातही ऐकू येतं. आमच्या गटातल्या एका मावशींची मुलगी त्याच्याही आधी तिकडे गेली. दवाखान्यात नर्स आहे, भाषा शिकली, आपल्या पगारावर राहते. तिथल्याच एका मुलाशी तिचं जमलं. मावशींनी आधी आठ दिवस अबोला धरला, मग मुलाशी फोनवर बोलल्या, मग हसल्या. इथवर सगळं घरातलं होतं. पुढे मुलीचा निरोप आला, "आई, माझा जन्माचा दाखला पाठव." आणि मावशी मासिक बैठकीत येऊन रडायलाच लागल्या.

का? तर दाखला गावात नव्हताच. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे जन्माची नोंद माहेरच्या ग्रामपंचायतीत. आम्ही दोघी-तिघी मावशींबरोबर गेलो. ग्रामसेवकांनी जुनं रजिस्टर काढलं. नोंद सापडली, पण बाळाच्या नावाचा रकाना कोरा! बारशाच्या आधीच नोंद केलेली, नंतर नाव लिहायला कुणी गेलंच नाही. हे नाव नंतर भरता येतं, पण त्याला १५ वर्षांची मुदत असते. मुलगी तर अठ्ठावीसची. जुन्या नोंदींसाठी सरकारनं मुदतवाढ दिलेली होती म्हणून जमलं. शाळेचा दाखला, पासपोर्टची प्रत जोडून अर्ज केला, तेव्हा कुठे पोरीचं नाव त्या रकान्यात बसलं.

आता जर्मनीत लग्न कसं होतं ते सांगतो. तिथे कायद्याचं लग्न फक्त सरकारी विवाह नोंदणी कार्यालयात लागतं. त्याला स्टांडेसआम्ट म्हणतात. चर्चमध्ये लागो की मंदिरात, त्याला कायद्यात किंमत नाही. आपल्याकडे १९६९ चा परदेशी विवाह कायदा आहे, त्याप्रमाणे भारतीय वकिलातीतही लग्न लावता येतं. पण नवरा जर्मन असेल तर असं लग्न जर्मनीत धरत नाहीत. तिथे स्टांडेसआम्टच गाठावं लागतं.

ते कार्यालय परदेशी मुलीला विचारतं, तुझ्या देशाच्या कायद्यानं तू लग्नाला मोकळी आहेस याचा दाखला कुठे? त्यांना हवा तसा दाखला आपल्याकडे मिळत नाही. मग तिथल्या वरच्या कोर्टाच्या अध्यक्षांकडून त्या दाखल्यापुरती सूट घ्यावी लागते. सूट मिळाली की ती सहा महिनेच चालते. तेवढ्यात लग्न उरकायचं. या सुटीसाठी पासपोर्ट, जन्म दाखला, आणि "आमच्या मुलीचं आजवर लग्न झालेलं नाही" असं आईवडिलांचं प्रतिज्ञापत्र मागितलं होतं. आधी घटस्फोट झाला असेल तर कोर्टाचा हुकूमनामा, विधवा असेल तर पहिल्या नवऱ्याचा मृत्यू दाखला लागतो. गावकीनं काडीमोड दिली, हे तिकडे सांगून भागत नाही.

मावशींचे यजमान वारले त्याला नऊ वर्षं झाली. प्रतिज्ञापत्र करायला गेलो तर एका कार्यालयात विचारलं, "घरात पुरुष माणूस कुणी नाही का? चुलत्याला घेऊन या." मावशी गप्प बसल्या. आमच्या तोंडाशी शब्द आले होते, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "जन्म मी दिला, शिकवलं मी. लग्न झालंय का नाही हे चुलत्याला जास्त माहीत का मला?" सोबत यजमानांचा मृत्यू दाखला जोडला आणि आईच्या एकटीच्या सहीवर प्रतिज्ञापत्र झालं. सही मावशी गटात येऊन शिकल्या. त्या दिवशी ती सही कामाला आली.

मधेच एक चूक झाली, तीही सांगतो. एका एजंटानं मावशींना गाठून सांगितलं, "परदेशाचं काम आहे, अपोस्टिल करून देतो," आणि पैसे घेतले. अपोस्टिल म्हणजे आपला कागद खरा आहे असा सरकारी शिक्का. तो पुष्कळ देशांत चालतो. पण भारताचा अपोस्टिल जर्मनी मानत नाही. पैसे गेले ते गेलेच. जर्मनीची रीत वेगळी आहे. तिथलं कार्यालय आपले कागद मुंबईच्या जर्मन वकिलातीकडे तपासायला पाठवतं, वकिलातीचा माणूस ग्रामपंचायतीत जाऊन नोंद बघतो, कधी घरी आणि शेजारीपाजारीही चौकशी करतो. याला काही महिने लागतात आणि खर्च आपणच भरायचा असतो.

ही चौकशी होणार म्हटल्यावर मावशींची झोप उडाली. आम्हाला कळेना का. मग एका संध्याकाळी त्यांनी सांगितलं. सहा वर्षांपूर्वी मुलीचा साखरपुडा झाला होता आणि हुंड्यावरून मोडला होता. "शेजारची कुणी म्हणाली, हिचं तर झालं होतं, तर? आपण सगळ्यांना सांगून ठेवू का, की त्याबद्दल बोलू नका म्हणून?"

बैठकीत यावर खूप बोलणं झालं. काहीजणी म्हणाल्या, सांगून ठेवू. पण दहा घरांत दहा तोंडं. एक "काही नव्हतंच" म्हणणार, दुसरी "साखरपुडा झाला होता" म्हणणार, आणि त्या माणसाला वाटणार काहीतरी लपवतायत. शेवटी ठरलं, लपवायचं नाही. साखरपुडा म्हणजे लग्न नव्हे. मुलीनं तिकडे आपणहून सांगितलं, मावशींनी इथे सांगितलं. चौकशीचा माणूस आला, शेजारणीला विचारलं. ती म्हणाली, "सुपारी फुटली होती साहेब, अक्षता नाही पडल्या." संपलं. ज्याची सहा वर्षं लाज वाटली ते एका वाक्यात मोकळं झालं.

गेल्या महिन्यात लग्न लागलं. आम्ही पंधराजणी मावशींच्या ओसरीवर एका फोनभोवती बसून बघत होतो.

आता तुमच्या मुलींसाठी चार गोष्टी. पहिली, घरी गेल्यावर मुलीचा जन्म दाखला काढून बघा. नाव आहे का? शाळेच्या दाखल्यावरची तारीख तीच आहे का, की गुरुजींनी १ जून टाकलीय? फरक असेल तर आत्ताच अर्ज करा. जन्माची नोंदच नसेल तर वर्षानंतर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो.

दुसरी, कागदांची यादी एजंटाकडून घेऊ नका. जिथे लग्न लागणार त्या कार्यालयाकडून लेखी मागवा. प्रत्येक देशाची रीत निराळी, प्रत्येक जोडप्याची यादीही निराळी.

तिसरी, मुलगी इथून लग्नासाठी जाणार असेल तर व्हिसा लागतो आणि साधारणपणे जर्मनची पहिली परीक्षा द्यावी लागते. पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात ती भाषा शिकवतात. मुलीला शिकू द्या. जिला तिथली भाषा येते तिला दुकानात, दवाखान्यात, पोलिसांत स्वतः बोलता येतं.

चौथी सगळ्यात महत्त्वाची. मावशींची मुलगी स्वतःच्या नोकरीवर तिथे राहते. पण जी नवऱ्याच्या आधारावर जाते, तिला साधारणपणे तीन वर्षं संसार झाल्यावर स्वतःचा राहण्याचा हक्क मिळतो. छळ होत असेल तर त्याआधीही मिळू शकतो. म्हणून पासपोर्ट तिचा तिच्याजवळ. सासूकडे नाही, नवऱ्याच्या कपाटात नाही. लग्नाच्या दाखल्याची एक प्रत तिच्याकडे, एक तुमच्याकडे. जर्मनीत ११६ ०१६ हा नंबर बायकांच्या मदतीसाठी रात्रंदिवस चालू असतो, फुकट असतो. जाण्याआधी तिच्या फोनमध्ये घालून द्या. इथे राष्ट्रीय महिला आयोगात परदेशी राहणाऱ्या नवऱ्यांच्या तक्रारींसाठी वेगळा कक्ष आहे.

लग्न कुठेही लागो, पोरीच्या कागदाची सुरुवात आपल्या ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात होते. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या मुलीचा जन्म दाखला घेऊन यायचा, असं आमच्या गटानं ठरवलंय. तुम्हीही ठरवा.